माझ्याकडे तर उघडतंय

नोट्सची लिंक मी कोर्सच्या वेबसाइटवर टाकली आणि ती उघडायची परवानगी द्यायला विसरलो. चव्वेचाळीस मुलांसाठी लिहिलेल्या नोट्स तीन आठवडे मी एकटाच वाचू शकत होतो. परळच्या आमच्या कॉलेजात हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगतो, लोक हसतात. पण सांगतो ते अर्धंच. उरलेलं अर्धं आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

त्याचं असं झालं — मी दोन दिवसांची कार्यशाळा करून आलो होतो आणि तेवढ्या भांडवलावर स्टाफरूममधला संगणकतज्ज्ञ झालो होतो. भलेभले मला पासवर्ड विचारायचे. अशा माणसाची लिंक बंद असेल? मी रोज उघडून बघायचो. माझ्याकडे उघडायची. मालकच मी, मला का नाही उघडणार? — हे कार्यशाळेत सांगितलंही असेल, मी बहुधा तेव्हा समोसा घ्यायला गेलो होतो.

त्याच नोट्सवरची असाइनमेंट जमा करायच्या दिवशी त्रेचाळीस आल्या. एक आली नाही, प्रज्ञाची. करी रोडच्या चाळीत राहणारी, शेवटच्या वर्षाची मुलगी. उभी राहून म्हणाली, "सर, लिंक उघडत नाही. चार वेळा रिक्वेस्ट पाठवली." मी काय म्हणालो? म्हणालो, त्रेचाळीस जणांकडे उघडते आणि तुझ्यावरच रुसते होय? वर्ग हसला. मला हशा फार आवडतो, एवढं लक्षात असू द्या.

दुपारी ऑफिसातल्या डिसोझाबाईंच्या संगणकावर तीच लिंक मी मोठ्या दिमाखात उघडायला गेलो. परवानगी नाही, असं आलं. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जिन्यात जाऊन फोनवर मेल तपासली. चार विनंत्या, चारही प्रज्ञाच्या. शेवटच्या विनंतीसोबत एक ओळ — सर, प्लीज, उद्या शेवटची तारीख आहे. आणखी कुणाची एकही नाही. म्हणजे बाकीच्यांनी लिंकला हातच लावला नव्हता. गेल्या वर्षीच्या मुलांची उत्तरं उतरवून दिली होती. माझ्या नोट्स वाचायचा प्रयत्न केलेली सगळ्या वर्गात ती एकटी.

तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, मी सेटिंग बदललं. आणि गप्प राहिलो.

प्रज्ञा विभागप्रमुखांकडे गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं आणि लिंक चालू होती का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो नाही — त्याहून वाईट केलं. त्यांच्याच संगणकावर ती उघडून दाखवली. पहिल्याच पानावर माझं नाव, ठळक अक्षरांत. प्रज्ञाने पुढे वाकून ते वाचलं. मग म्हणाली, "सॉरी सर. माझंच काहीतरी चुकलं असेल." सही घ्यायला आलेल्या डिसोझाबाई दारातच उभ्या होत्या. मी हसलो. म्हणालो, असू दे, होतं असं.

असू दे — हे मी म्हणालो, तिला. तिला शून्य मिळालं. विषय राहिला, एम.ए.चा प्रवेश हुकला, वर्ष गेलं. निकाल लागायला महिना होता; एका वाक्याचं काम होतं. रोज सकाळी ठरवायचो. आणि रोज कुणीतरी पासवर्ड विचारायला यायचं.

मॅडम पुढे दुसऱ्या कॉलेजात गेल्या. किस्सा सांगायला मैदान मोकळं झालं — त्यातली मुलगी तेवढी वगळून.

गेल्या महिन्यात डिसोझाबाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात आग्रह झाला म्हणून मी उभा राहिलो आणि तेच सांगितलं — बंद लिंक, मालक मीच, समोसा. हॉल हसत होता. नंतर केकचा तुकडा माझ्या हातात देताना बाई म्हणाल्या, "जोक मस्त जमलाय सर तुमचा. फक्त ती पोरगी दरवेळी गाळता."