न कापलेल्या कडा

मंगळवारी वडील गेले. महिन्याभराने त्यांचा खिळखिळा झालेला शब्दकोश मी सीताबर्डीच्या एका बाइंडरकडे बांधणीला टाकला. 'हुरहूर' या शब्दाशेजारी, पानाच्या अगदी कडेला, वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मूळ काय?' बांधणीनंतर बाइंडर कडा कापतात, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. धावत गेलो.

कोश बांधून झाला होता. कडा तशाच होत्या.

"अक्षर कोणाचं?" चिकटवायच्या खळीने माखलेले हात पुसत बाइंडरने विचारलं.

"वडिलांचं. गेले ते."

"वाटलंच. म्हणूनच नाही कापलं." त्याने 'हुरहूर'वर बोट ठेवलं. "बायको माहेरी गेली का माही खळ बिघडते, भाऊ. काहून, मले बी नाही समजत. मूळ सापडलं त सांगजा."

कोशाच्या कडा अजून वेड्यावाकड्या आहेत. पेन्सिलीच्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे.