पितळेचं इंजिन आणि दुकानाची चावी

आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वेचा वीतभर रूळही नव्हता. आगगाडी बघायची तर घाट चढून कोल्हापूरला जायचं, नाहीतर गोव्यात. म्हणूनच मालवणात रेल्वेचे जाणकार फार. संध्याकाळी धक्क्यावर बसून कोकणात रेल्वे कुठून न्यावी यावर भांडणारे चार-पाच पुरुष रोज असायचे, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वाफेचं इंजिन फळ्यावर सुंदर काढायचे. घरातला रहाट कुरकुरायला लागला की मात्र ‘बघू’ म्हणायचे, आणि तेल मी घालायची.

त्यांचा एक शाळासोबती बोटीवर नोकरीला होता. त्यानं सुट्टीत येताना इंग्लंडहून एक खोका आणला. खोक्यावर काळ्या इंजिनाचं देखणं चित्र होतं. आत इंजिन नव्हतं. पितळेचे पोह्याच्या पापडाएवढे पातळ पत्रे होते आणि त्यांत ॲसिडनं कोरलेले भाग: केबिनच्या भिंती, पायऱ्या, कठडे. मूळ पत्र्याला ते केसाएवढ्या दुव्यांनी धरलेले. दुवे कापून भाग सुटे करायचे, अर्धवट कोरलेल्या रेघेवर दुमडायचे आणि वितळलेल्या कथलानं झाळून एकमेकांना जोडायचे. बॉयलरचा पत्रा गोल वळवायचा. चिमणी, घुमट आणि चाकं तेवढी तयार होती. पुरं झालेलं इंजिन माझ्या वितीपेक्षा थोडंसंच मोठं होणार होतं.

“हे मॉडेल आहे,” नवऱ्यानं सांगितलं. “खेळणं नव्हे.”

“मगे ह्यां चलतला?” सासूबाईंनी विचारलं.

“मोटर वेगळी घ्यावी लागते. ती यात नाही.”

“म्हंजे चलना नाय. मगे खेळण्यापरास वायट. खेळणां चलता तरी.”

त्या बाईचं आणि माझं फारसं पटलं नाही, पण हे वाक्य मी तिच्या नावे जमा धरते.

ह्याच सुमारास माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बाजारात त्यांचं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दीड खणाची जागा, पण स्वतःची. मी त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की घरी न जाता दुकानात जायची. स्टोव्हची फुटलेली टाकी झाळणं, बर्नर उघडणं, पंपाचा वायसर बदलणं, हे सगळं मला यायचं. लग्न ठरताना ही गोष्ट माहेरच्यांनी लपवली नव्हती. सासरच्यांनी ती ऐकली नव्हती, एवढंच.

दुकान बंद पडलं. वडिलांनी चावी विश्वासानं जावयाकडे दिली. जावयानं ती आमच्या पडवीतल्या खिळ्याला टांगली आणि जागेसाठी एक कॅसेटवाला शोधून काढला. मी म्हटलं, कॅसेटवाला कशाला, दुकान मी चालवते. गाव रॉकेलच्या स्टोव्हवर रांधतंय आणि स्टोव्ह बिघडला की माणसं एसटीनं कुडाळला जातायत.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. “मास्तरांची बायको बाजारात बसान स्टोवाक पिन मारतली? लोक तोंडात श्याण घालतीत.”

नवरा शुद्ध मराठीत बोलायला लागला. घरात ते शुद्ध बोलायला लागले की मुद्दा संपला असं समजायचं. “प्रश्न कामाचा नाही. प्रतिष्ठेचा आहे.”

हे बोलताना त्यांच्या डाव्या हातात पितळेचा पत्रा होता, उजव्या हातात झाळायची विजेची काडी, आणि बोटं काळी. माझे वडील चाळीस वर्षं हेच करत होते, त्याला धंदा म्हणायचे. नवरा करत होता, त्याला छंद म्हणायचे. बँकेतले एक साहेब तर ‘तपश्चर्या’ म्हणाले. ते दर रविवारी भिंग घेऊन यायचे, इंजिनाला हात न लावता दोन कप चहा प्यायचे आणि जायचे. त्यांच्या स्वतःच्या घरचा स्टोव्ह गणपतीपासून बंद होता, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं होतं.

सात महिने आमच्या घरातलं एकुलतं एक टेबल त्या तपश्चर्येत गेलं. आम्ही जमिनीवर जेवत होतोच, त्यामुळे तक्रार टेबलाची नाही. तक्रार लाटण्याची. बॉयलर गोल वळवायला त्यांनी माझं लाटणं नेलं आणि त्यावर पत्रा ठोकून त्याला खाचा पाडल्या. पुढे कितीतरी दिवस आमच्या पोळीवर बॉयलरच्या पत्र्यावरच्या खिळ्यांचे ठिपके उमटायचे. केबिनची एक भिंत त्यांनी उलट्या बाजूला दुमडली. कोरलेली रेघ दुमडीच्या आत राहायला हवी, हे कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पण चित्राखालचं इंग्रजी वाचण्यात ते इतके गुंतले की चित्र बघायचं राहिलं. मग भिंत परत सरळ केली आणि पत्रा रेघेवर तुटला.

झाळण्याबद्दल तर विचारू नये. काडी बारीक, संध्याकाळी वीज अर्धी, आणि पत्रा घासायचा कंटाळा. कथील वितळायचं, पण पितळेत मुरायचं नाही. अळवाच्या पानावर पाणी बसावं तसं वर बसायचं. मी एकदा सांगितलं. “तुझा स्टोव्ह नव्हे हा,” म्हणाले. मी पुन्हा सांगितलं नाही.

वडिलांना बघायला गेले तेव्हा मी हे त्यांच्या कानावर घातलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द सावकाश यायचे. पण तिरकसपणा झटक्यातून वाचला होता.

“जावयबापूंची झाळ?” ते म्हणाले. “तेच्यापरास थुकी बरी.” मग थोड्या वेळानं, “दुकानाचा काय गो?”

“कॅसेटवाल्याक देतत.”

त्यांनी डाव्या हातानं चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढंच. मला त्या दिवशी कळलं की चावी त्या खिळ्यावरून माझ्या हातात आली नाही तर ह्या माणसाला उठून बसायला काही कारण उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही.

ओरोसला जिल्ह्याच्या कचेऱ्या नव्यानं होत होत्या. तिथं शाळांचं विज्ञान प्रदर्शन ठरलं, सोमवारी. शिक्षण खात्यातले साहेब येणार. नवऱ्यानं मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलं होतं की आपल्या शाळेतर्फे वाफेचं इंजिन येईल. प्रदर्शन आटोपलं की मंगळवारी कॅसेटवाल्याला चावी. दोन्ही तारखा त्यांनी कॅलेंडरवर एकाच पेनानं लिहिल्या.

शनिवारी सकाळी ते शाळेत गेले. मी विहिरीवर होते. मी परत आले तर सासूबाई मागच्या दारी आपल्या कामावर खूष होऊन बसलेल्या. त्या दर शनिवारी देवाची पितळी भांडी आमसुलाच्या पाण्यात भिजत घालून काथ्यानं घासायच्या.

“गो, देवाची भांडी घासलंय, तेंच्यावांगडा इंजीनय घासलंय. काळां पडलला. सायबाच्या फुड्यात तसां न्हेवचा?”

घमेल्यात आमसुलाचं लाल पाणी. पाण्यात समई, ताम्हन, पळी आणि तळाला इंजिन. म्हणजे इंजिनाचे तेवीस तुकडे. मी बाहेर काढून मोजले. बॉयलर एकीकडे, केबिन एकीकडे, कठडे शेवग्याच्या शिरांसारखे वाकलेले. सासूबाईंना वाटलं आपण मोडलं. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, “आई, तुमी नाय मोडलास. ता जोडलला नव्हता.” त्यांच्यावर अन्याय नको. काथ्यानं घासून जे सुटतं त्याला जोड म्हणत नाहीत. उलट पितळ कसं लखलखीत झालं होतं! सात महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ते नीट साफ केलं होतं.

दुपारी नवरा आला. घमेल्यापाशी उकिडवा बसला. शुद्ध मराठी गेली.

“आता काय करू गो? मी सगळ्यांका सांगललंय.”

“पुन्हा जोडा.”

“दीड दिवसात? माका सात म्हयने लागले.”

“मग मी जोडते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, हे त्यांच्या पदरात घालते.

“पण त्या खिळ्यावरची चावी मला हवी,” मी म्हटलं. “कॅसेटवाल्याला आजच नाही म्हणून सांगा.”

“त्याला शब्द दिलाय.” पुन्हा शुद्ध. “आणि ही काय सौदा करायची वेळ आहे?”

“हीच वेळ आहे. मंगळवारी माझ्याकडे विकायला काही नसेल.”

ते ‘बघू’ म्हणाले. मला त्यांचं ‘बघू’ माहीत होतं. त्यामुळे मी काम सुरू केलं, पण डोकं ठिकाणावर ठेवून.

वडिलांकडून त्यांची तांब्याच्या टोकाची जड सळई आणली आणि झाळण्याआधी जोडाला लावायच्या, जस्त घालून मारलेल्या म्हणजे जोर मोडलेल्या ॲसिडची बाटली. मी निघाले तेव्हा वडील भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. रविवारी सकाळी मागच्या दारी स्टोव्ह पेटवला, त्यावर सळई तापवली. एक जोड करताना शेजारचा सुटू नये म्हणून त्यावर ओली चिंधी ठेवायची. बारीक भाग माझ्या केसांच्या आकड्यांनी धरले. पितळ स्वच्छ असलं की कथील सांगावं लागत नाही, आपणच फटीत पळतं. सोपं काम आहे. ह्यात तपश्चर्या कुठे असते ते मला आजवर दिसलेलं नाही. तुटलेल्या भिंतीला आतून पट्टी दिली. प्रत्येक जोड सोड्याच्या पाण्यानं धुतला, कारण मारलेलं ॲसिडही राहिलं तर मालवणच्या हवेत आठ दिवसांत हिरवं होतं.

नेमके त्याच रविवारी बँकेतले साहेब भिंग घेऊन आले. मागच्या दारी मला बघून चपापले. “वहिनी मदत करतायत वाटतं?”

“हो, हो,” नवरा म्हणाला. “स्टोव्ह पेटवून देतेय.”

मी मान वर केली नाही. खोटं नव्हतं, पेटवला मीच होता.

संध्याकाळी दिवेलागणीला इंजिन उभं राहिलं. चाकं फिरत होती, कठडे सरळ होते. फक्त बॉयलरवर पुढच्या टोकाला एक भोक.

“चिमणी?” नवऱ्यानं विचारलं.

“चिमणी माझ्याकडे आहे.”

“लावायची नाही?”

“खिळ्यावरची चावी आणून द्या, लावते.”

“अगो, चिमणीशिवाय इंजीन कसां न्हेव? टकलां दिसता!”

“बंब म्हणून न्या.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता त्यांच्याकडून प्रतिष्ठा येणार. त्यांनी मुलाकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं. “चाय करूक स्टोव व्हयो माका,” त्या म्हणाल्या. “हिचा काय ता देवन् टाक आणि आटप.”

हे काही हृदयपरिवर्तन नव्हतं. त्यांना चहा हवा होता. मला चाललं.

नवऱ्यानं चावी काढली. माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली, जशी काही ती आपण होऊन तिथं आली. मी ती कमरेला खोचली आणि चिमणी लावली. त्याला दोन मिनिटं लागली. कॅसेटवाल्याकडे निरोप घेऊन मीच गेले. तो म्हणाला, बरं झालं, तिथं ओल फार आहे.

सोमवारी पहाटे ते बिस्किटांच्या डब्यात कापसावर इंजिन ठेवून ओरोसच्या एसटीत बसले. मी दुकान उघडलं. कुलूप गंजलं होतं, त्यात रॉकेल सोडलं. झाडून काढेपर्यंत दारात तीन स्टोव्ह येऊन बसले होते. अकराच्या सुमाराला वडील शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि आतल्या स्टुलावर बसले. पहिला स्टोव्ह मी उघडला. “वायसर नाय, पंप बघ,” ते म्हणाले. बरोबर होतं. त्यानंतर दिवसभर ते मला चुकाच दाखवत होते.

चारच्या गाडीनं नवरा आला. प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, स्वतःच्या नावाचं. खात्यातल्या साहेबांनी जोड इतके स्वच्छ कुणी केले म्हणून विचारलं तेव्हा ‘घरीच केलंय’ असं उत्तर दिल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. पण तेव्हा ते थेट घरी गेले नाहीत. दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले, बाजाराकडे पाठ करून, डबा छातीशी धरून.

“ओरोसाक एकान कठड्याक धरून उचल्यान,” ते हळू आवाजात म्हणाले. “कठडो सुटलो. उद्या शाळेत काचेच्या कपाटात ठेवतत. जरा लाव गो.”

आत दोन गिऱ्हाईकं होती. त्यातली एक बँकेतल्या साहेबांची बायको, मांडीवर स्टोव्ह घेऊन. वडिलांनी डावा हात उचलून बाकाकडे दाखवला.

“नंबर आसा,” ते म्हणाले. “बसा, जावयबापू.”

नवरा आत आला आणि बसला.