सोनकडीची पाठ

कुठलंही पिवळं फूल दिसलं की आमच्या मॅडम आधी ते उलटं करायच्या. चष्मा कपाळावर, फूल नाकाजवळ. "तोंड काय पाहतं वं? पाठ पाह्य."

सक्करदऱ्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही. दसऱ्याला हारवाल्याच्या टोपलीतला झेंडूसुद्धा उलटा करून पाहायच्या. तो बिचारा हात जोडायचा.

कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर दर आश्विनात सोनकडी फुलायची. बोराएवढं रानफूल, आपल्याच मातीतलं. मॅडम नखानं त्याची पाठ दाखवायच्या: सुईसारख्या बारीक हिरव्या पानांच्या रांगा, एकीवर एक. म्हणायच्या, हे एक फूल नाही, फुलांची अख्खी पंगत आहे. बाकी प्लॉटांवर घरं उठली होती. सोनकडी एवढीच उरलेली, आणि त्यांचा सगळा जीव तिच्यात.

गाजरगवताची मोहीमही त्यांचीच. फूल यायच्या आत उपटा, नाहीतर बी सांडतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. लोकांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. मॅडम डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या आणि इकडे श्रावणात श्रमदान निघालं. फूल नसलेलं जे दिसलं ते उपटलं. मी ड्यूटीवरून येईपर्यंत ट्रॉली भरून गेलीही होती. अहो, गाजरगवताचं पान कातरलेलं, सोनकडीचं साधं लांबट! पण पाहायचं कोणी? सगळ्यांना पोह्यांची घाई.

मॅडम आल्या, उघड्या मातीकडे पाहत राहिल्या. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच त सांगतलं होतं ना मॅडम, फूल याच्या आधी उपटा म्हणून."

त्यांनी वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली आणि घराकडे वळल्या. मला त्याचाच जास्त संताप आला. भांडल्या असत्या तर मी होतेच की सोबत. घरी चहा घेताना एवढंच म्हणाल्या, "बी असते वं मातीत. पुढच्या साली येईल."

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गेल्या. प्लॉटवर मुरूम पडला, पेव्हर ब्लॉक बसले.

यंदा दसऱ्याला तिथं उद्यान झालं. फाटकावर मॅडमचं नाव, आत वाफ्यांत विकतच्या बियांचा कॉसमॉस. मॅडमची आवडती पिवळी फुलं लावली आहेत, असं सेक्रेटरींनी भाषणात सांगितलं. टाळ्याही पडल्या. तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होणार? मी सरळ पुढे गेले, एक फूल तोडलं, उलटं करून सेक्रेटरींच्या हातात ठेवलं. पाठीवर हिरव्या पानांची जेमतेम एक रांग.

"पाठ पाहा," म्हटलं.

त्यांनी हसून ते सुलटं केलं आणि खिशाला खोचलं.