अठ्ठ्याण्णवला उकळणारं पाणी

आमच्या शाळेत प्रयोग आधी लिहून होतो आणि मग वेळ उरलाच तर करून होतो. विज्ञानाचे विजयसिंह सर तास सुरू झाला की फळ्यावर निरीक्षणं लिहून मोकळे होतात: पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, उत्कलनबिंदू शंभर अंश. साठ पोरं ते साठ वह्यांत उतरवतात. दिवा पेटतसुद्धा नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत याला विज्ञान म्हणायचं. मी तिथं मराठी शिकवतो, तेव्हा मला हसायचा अधिकार नाही, पण हसतो.

त्या प्रयोगशाळेत खरा प्रयोग करणारा माणूस एकच, आणि त्याची नेमणूक झाडायला-पुसायला आहे. इलाही मामा, शिपाई, सातवी पास. एकोणतीस वर्षं झाली, सकाळी शाळा भरायच्या आधी मामा स्पिरिटच्या दिव्यावर स्वतःच्या चहाचं पाणी ठेवतात आणि त्यात थर्मामीटर धरून बसतात. पारा रोज अठ्ठ्याण्णवला थांबतो. एकदा लेकीकडं पन्हाळ्याला जाताना त्यांनी थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून नेला. तिथं पाणी सत्त्याण्णवलाच उकळलं. जावयानं विचारलं, चहाला ताप आलाय काय?

परत आल्यावर मामा मला म्हणाले, "उंचावर गेलं की हवा इरळ हुतीया, पाणी लवकर उकळतंय. आपलं कोल्हापूर बी समुद्रापास्नं वरच हाय की, सर. शंभर कुठनं येणार?"

सातवी पास माणसाला हे चहा करता करता कळलं. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या सरांना कळलं नसेल तर वाईट, आणि कळलं असेल तर त्याहून वाईट.

यंदा नववीतल्या मदिनानं घोळ घातला. मधल्या सुट्टीत मामांकडून दिवा मागून घेतला, पाणी उकळलं आणि वहीत लिहिलं, ९८. शिवाय वासाच्या रकान्यात 'ब्लीचिंग पावडरीचा'. कोल्हापूरचा नळ ज्यानं सोडलाय त्याला यात काही नवल वाटणार नाही. सरांनी दोन्हीवर लाल फुली मारली.

"सर, तीनदा बघितलो मी," मदिना म्हणाली. आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात. "अठ्ठ्याण्णवच्या वर चढतच न्हाय."

"थर्मामीटर खराब आहे."

मामांनी कपाटातून कोरा थर्मामीटर आणला. अठ्ठ्याण्णव.

"मग पाणी खराब आहे. नळाचं ना हे?"

मदिनानं सरांच्याच टेबलावरची विकतची बाटली उचलली आणि चंचुपात्रात ओतली. पुन्हा अठ्ठ्याण्णव. आता खराब ठरवायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पोरगी.

"शनिवारपर्यंत शंभर लिहून आण. नाहीतर सही मिळणार नाही," सर म्हणाले.

सही नसलेली वही म्हणजे प्रात्यक्षिकात वीसपैकी शून्य. मदिना वर्गात पहिली येणारी. घरी आईनं समजावलं, अगं लिही की, तुझ्या बापाचं काय जातंय. तिनं ऐकलं नाही. शनिवारी तेच पान घेऊन आली आणि सरांसमोर उभी राहिली. मी काहीतरी निमित्त काढून प्रयोगशाळेत जाऊन बसलो होतो. तमाशा बघायला, दुसरं काय.

तेव्हा मामांनी कपाटाचा खालचा खण उघडला. एकोणतीस वर्षांत कुठल्या सरांपुढं ब्र न काढलेला माणूस. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक पिवळं पडलेलं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. शाळकरी अक्षर. उत्कलनबिंदू ९८. त्यावर लाल फुली. वर कोपऱ्यात नाव, विजयसिंह, नववी ब.

सर याच शाळेत शिकलेले. त्या वेळच्या सरांनी ते पान टराटरा फाडून टोपलीत टाकलं होतं, वर एक मुस्काटात दिली होती. टोपली रिकामी करायचं काम मामांचं. तुकडे त्यांनी चिकटवून ठेवले.

"लई रडलासा त्या दिशी, सर," मामा म्हणाले. "पोरीला सही द्या. खरं लिवलंय तिनं."

सरांनी पान जवळ ओढलं. अंगठ्यानं त्यांनी तो आकडा एकदा पुसल्यासारखा केला. सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, झाली सही.

"तेव्हाही माझं चुकलंच होतं," सर म्हणाले आणि मदिनापुढं पेन सरकवलं. "शंभर कर."

मदिनानं माझ्याकडं बघितलं. मी मास्तर होतो, मला खरं माहीत होतं, आणि बोलायला तोंडही होतं. मी खिडकीतून समोरच्या तालमीकडं बघितलं. तिनं पान फाडून टोपलीत टाकलं, नव्या पानावर फळ्यावरचं उतरवलं. सही झाली. वीसपैकी वीस.

घंटा झाल्यावर मामांनी टोपलीतलं पान उचललं, मांडीवर सरळ केलं आणि जुन्या पानाशेजारी ठेवलं. मग फोल्डर माझ्या हातात दिला.

"मार्चला मी नोकरीतनं सुटतो, सर. आता तुमी सांभाळा. टोपली तेवढी रोज बघत जावा."

मी तो घरी आणला. कपाटात ठेवून कुलूप लावलंय. शाळेतली टोपली बघायला मी अजून गेलेलो नाही.