सरांची साक्ष

टेबलावर मुठीने चार ठोके द्यायचे आणि मगच ओळ म्हणायची, ही आमच्या विभागप्रमुख सरांची पद्धत. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता डोळ्यांनी वाचायची नसतेच, असं ते म्हणत. शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक दर आठवड्याला तक्रार करत आणि सर दर आठवड्याला त्यांची माफी मागत. असे प्राध्यापक तुम्हीही पाहिले असतील.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. सरांच्या एम.ए.च्या वर्गात पाचच मुलं. मोकळा तास असला की मी सहावी होऊन मागच्या बाकावर बसे.

त्या कवितांतले योद्धे राजासमोर प्याला उचलून शपथ घेत. सकाळी रणात कुणी ती पाळी, कुणी रानात पळून जाई. 'बोललात ना? मग उभे राहा,' हे सरांचं पालुपद तिथूनच आलेलं. निबंध उद्या देतो म्हणणाऱ्या मुलाला, खडू आणतो सांगून चहाला गेलेल्या शिपायाला, आणि किक मारून दमले की स्वतःच्या स्कूटरलाही ते हेच ऐकवत.

सुरगाण्याकडचा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, पळाला तर पळाला. घाबरला असंल."

सरांनी ठोक्यासाठी उचललेली मूठ खाली घेतली. मग म्हणाले, "ते कवीलाही माहीत होतं."

त्याच वर्षी परीक्षेत मी एका मुलाला कॉपी करताना पकडलं. सर त्या हॉलचे वरिष्ठ पर्यवेक्षक होते. चिठ्ठ्या त्यांच्यासमोरच मुलाच्या बाहीतून निघाल्या. त्याचा काका संस्थेच्या कार्यकारिणीवर होता, म्हणून अहवाल लिहिताना मी अडखळले. सर म्हणाले, "लिहा मॅडम. मी आहे."

दुसऱ्या दिवशी काका चार माणसं घेऊन विभागात आला. त्याने आवाज चढवला नाही. तुम्ही स्वतः पाहिलं का, एवढंच त्याने सरांना विचारलं. सर खिडकीकडे बघत म्हणाले, "मी दारापाशी होतो. नीट दिसलं नाही."

चिठ्ठ्या मीच ठेवल्या, असा बोभाटा झाला. चौकशी समिती नेमली गेली. मला तास मिळायचे बंद झाले.

पंधरा दिवसांनी सर पंचवटीतल्या आमच्या घरी आले. आईने ठेवलेला चहा त्यांच्यापुढे निवून गेला. मला वाटलं, आता कारणं येतील: सरांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, दुखणं, निवृत्तीला उरलेली वर्षं. त्यातलं ते काहीच बोलले नाहीत.

"मॅडम, मी घाबरलो," ते म्हणाले. "दुसरं कारण नाही."

असू द्या, असं मी म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

समितीने आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. काका अध्यक्षांच्या शेजारीच बसला होता. सरांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. खिशातून कागद काढून त्यांनी पहिली ओळ दोनदा वाचायला घेतली आणि दोन्ही वेळा ते अडखळले. शेवटी कागदाची घडी करून त्यांनी तोंडीच सांगितलं, "चिठ्ठ्या मी पाहिल्या. त्याच्या बाहीतून निघाल्या. त्या दिवशी मी खोटं बोललो."

माझ्यावरचा आळ गेला. तास मात्र परत मिळाले नाहीत. सरांचं विभागप्रमुखपद गेलं आणि एम.ए.चा वर्गही.

पुढे मला येवल्याला कायमची नोकरी लागली. रविवारी नाशिकला आले की सीबीएस बसस्थानकावर उतरून आधी सरांकडे जाई. पुढच्या खोलीत बसून ते मला एकटीला त्या कविता शिकवत. त्यांच्या धाडसाचं कुणी कौतुक केलं की ते अवघडून जात. "मध्ये पंधरा दिवस गेले होते," असं म्हणून विषय बदलत.

दोन हजार सालानंतर त्यांचं हृदय थकलं आणि बायपास करायचं ठरलं. त्या ऑपरेशनमधून सर उठले नाहीत. त्या सकाळी मी दवाखान्यात होते. "भीती वाटतेय," ते मला सरळ म्हणाले. स्ट्रेचरच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. दोघींचे हात त्यांनी घट्ट धरले होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर थांबली. आता काय करायचं, ते आम्हा दोघींना सुचेना. सरांनी आधी वहिनींचा हात सोडला, मग माझा, आणि सिस्टरला म्हणाले, "चला."