बगळा आणि वाळूतली बांगडी

माझ्या धाकट्या भावाला समुद्रावर सगळे 'बगळा' म्हणतात. मान खाली, पाय लांब, चाल संथ. कानांवर हेडफोन, हातात लांब दांड्याचं धातू शोधायचं मशीन आणि पाठीवर, वाळू गळून जावी म्हणून भोकं पाडलेलं फावडं. नाव ठेवणाऱ्याने डोळे उघडे ठेवून ठेवलंय. वाळूत कुणाचं काही हरवलं की आधी रडारड होते, मग एकमेकांवर खापर फुटतं, आणि मग कोणीतरी म्हणतं, "अरे, त्या बगळ्याला बोलवा की." हा जातो, अंगठी किंवा कानातलं काढून देतो, आणि लोक आभार मानायच्या आत असा सटकतो, की ती वस्तू यानेच चोरली होती असं वाटावं.

लाजणं हा त्याचा जन्मजात आजार. शाळेत दुसऱ्या कुणी शाई सांडली तरी कान याचे लाल व्हायचे. मास्तरांना आयता गुन्हेगार मिळायचा. मला लाज बेताची. आई म्हणायची, दोघांच्या वाट्याची याने एकट्यानेच घेतली.

नोकरी त्याने पाणीखात्यात केली. रस्त्याखालचे पाइप कुठे गळतात ते शोधायचं काम. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालचं पाणी ऐकायचं. सळई नसेल तर थेट कानच रस्त्याला. लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी याला भर सकाळी रस्त्यावर आडवा पडलेला पाहिला आणि मुलीकडे निरोप धाडला, 'मुलगा पितो.' शेवटी मीच गेले. म्हटलं, "अहो, पितोय तो रस्ता. आमचा मुलगा फक्त किती प्यायला ते ऐकतो." मामा हसले आणि लग्न झालं. हा मात्र पुढे कित्येक वर्षं मामांसमोर जेवताना पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावत नसे.

निवृत्त झाल्यावर कान मोकळे पडले. कुणाकडून तरी जुनं मशीन विकत आणलं आणि निघाला वाळूवर. माझी भावजय म्हणाली, "जन्मभर रस्त्यावर लोळलात, आता वाळूत लोळा. वाळू निदान झटकता येते."

त्याची एक पद्धत आहे. ज्याचं हरवलं त्याला हा आधी त्याच जागी उभं करतो. कुठे बसला होतात, चपला कुठे होत्या, टॉवेल कोणत्या बाजूला झटकला, सगळं परत करून दाखवायला लावतो. मग एकच विचारतो, "कशाचं आहे?" सोनं असेल तर मशीन तसं लावायचं, चांदी असेल तर तसं. प्रत्येक धातूचा आवाज वेगळा. किनाऱ्यावर बाटल्यांची झाकणं, डब्यांच्या कड्या, खिळे आणि भंगार इतकं की मशीन दर पावलाला ओरडतं. त्यातले नको ते आवाज बंद करून टाकायची सोय असते. मग पायाने वाळूत रेघा ओढायच्या आणि एकेक पट्टा चालत जायचा.

एकटा असला की हा एकही आवाज बंद करत नाही. जे वाजेल ते खणतो. पण बघायला माणसं उभी असली की याचं सगळं बिघडतं. फावडं मारलं आणि झाकण निघालं की कोणीतरी फिदीफिदी हसतं. दुसऱ्यांदा निघालं की म्हणतं, "काका, भंगाराचं दुकान काढताय का?" ते याला सोसत नाही. म्हणून लोकांसमोर तो भंगाराचे सगळे आवाज बंद करतो. मला हे फार उशिरा कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं असं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहणारं एक कुटुंब. आई, मुलगा आणि नवी सून. सुट्टीच्या दिवशी तिघं समुद्रावर गेली आणि सुनेच्या हातातली बांगडी गेली. पीळ घातलेली, जाड, सांध्याजवळ एक पोचा आलेली. सासूला तिच्या आईने दिलेली, सासूने लग्नात सुनेला घातलेली. मुलीचं मनगट काडीसारखं, हात ओला, निसटली. बगळ्याला बोलावणं गेलं.

त्याने मुलीला उभं केलं. ती म्हणाली, "इथेच होते काका. केस पिळले, हात झटकला, आणि मग पाहिलं तर नाही."

"कशाची आहे?"

मुलगी सासूकडे बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "सोन्याची. चांगली शुद्ध. हल्लीचं सोनं नाही ते."

सुट्टीचा दिवस, चाळीसेक बघे. याने मशीन सोन्यावर लावलं, बाकीचं बंद केलं, रेघा ओढल्या आणि दुपारभर चालला. मशीन चूं नाही की चां नाही. शेवटी हेडफोन गळ्यात घेऊन तो म्हणाला, "इथे नाही."

मुलाने विचारलं, "नक्की?"

आणि आमच्या या लाजाळूच्या झाडाने आयुष्यात पहिल्यांदा छाती काढली. म्हणाला, "इथे असती तर वाजली असती. माझं मशीन चुकत नाही."

झालं. घरी येऊन पानात होतं ते खाऊन तो झोपला.

पुढचं मला कळलं ते त्या घराच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईकडून. माझे कपडे तीच शिवते. खांद्याचं माप घेता घेता म्हणाली, "वरती रोज तमाशा आहे हो. सुनेच्या भावाने नुकतंच दुकान घातलं ना? आता म्हणतात, बांगडी समुद्रावर गेलीच नाही, माहेरी गेली. नवरा म्हणतो, मशीनवाला शपथेवर सांगून गेला, तिथे नाही म्हणून. मग गेली कुठे?"

"आणि सासू काय म्हणते?"

"सासू? ती काही बोलतच नाही. पदर डोळ्याला लावून बसते. पोरगी बिचारी जिन्यात येऊन रडते. तिची बॅग भरून दाराशी ठेवलीय म्हणे."

मी तशीच अर्ध्या मापाने उठले आणि भावाकडे गेले. त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी उजाडताच एकटाच मशीन घेऊन गेला. या वेळी एकही आवाज बंद केला नाही.

दुपारी माझ्या दारात उभा. पाय वाळूने भरलेले, ते पुसायचंही भान नाही. मूठ उघडली. पीळ घातलेली बांगडी, सांध्याजवळ पोचा. आणि त्या पोच्यापाशी मुलामा उडून हिरवट काळपट डाग.

"ताई," तो म्हणाला, "ही पितळेची आहे."

"कुठे मिळाली?"

"ती पोरगी उभी होती तिथेच. दोन पावलांवर. मी हिच्यावरून चाललो होतो गं. पितळेचा आवाज मी बंद केला होता. लोक हसतील म्हणून."

तो पायरीवर बसला आणि हातांत तोंड लपवून रडला. हा एवढा पिकल्या केसांचा माणूस. मला कुणाला थोपटता येत नाही, मी आपली पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. मग म्हटलं, "रडून झालं असेल तर ऊठ. जाऊन देऊन ये."

"तू चल बरोबर."

गेलो. तिसरा मजला, चिंचोळा जिना, दाराशी खरंच बॅग. आत मुलगा टेबलाशी बसलेला, सासूबाई खिडकीजवळ आणि सून स्वयंपाकघराच्या दारात. घड्याळ तेवढं बोलत होतं. याने बांगडी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. बोलला, पण काय बोलला?

"मिळाली. तिथेच होती. चूक माझी. त्या दिवशी मी नीट शोधलंच नाही. तुमच्या सूनबाई खरं बोलत होत्या."

मुलगा भडकला. "अहो, तुम्ही तर म्हणत होतात मशीन चुकत नाही! आमच्या घरात काय काय झालं माहितेय तुम्हाला?"

"माहितेय," हा खाली मान घालून म्हणाला. "मी चुकलो. माफ करा."

"वयाचा मान ठेवतोय म्हणून, नाहीतर..."

"बोला तुम्ही. बरोबर आहे तुमचं."

पितळेचं नावसुद्धा काढलं नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांची नजर बांगडीवरच्या त्या हिरव्या डागावर. मला तेव्हाच कळलं की ही गोष्ट त्यांना आज कळलेली नाही. सून पुढे आली, बांगडी उचलून तिने पदरात घेतली. आम्ही निघालो.

अर्ध्या जिन्यात मी याला धरून थांबवलं. "का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू ताई? त्या बाईंना मुलासमोर... अडचणीत विकली असेल खरी कधीतरी. नवरा आजारी होता म्हणतात. कुणाची अब्रू अशी चारचौघांत काढायची? माझी गेली ती गेली."

"मोठा आलाय दानशूर! डोकं चालव जरा. आज ना उद्या घरचे तो डाग बघतील, सोनाराकडे नेतील. सोनार म्हणेल पितळ. मग काय म्हणतील? सासूने पितळ दिलं म्हणतील की सुनेने सोनं विकून पितळ आणून ठेवलं म्हणतील? तिच्या भावाचं दुकान आहेच तिथे, आयतं!"

तो उभ्या जागी कठड्याला धरून राहिला. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, शाळेतल्यासारखे. म्हणाला, "म्हणजे मी दुसऱ्यांदा तिलाच अडकवलं."

"हो. आणि या वेळी चांगुलपणाने."

तो माझ्या आधी वर चढला. दार उघडंच होतं. त्याचा आवाज कापत होता, पण निघाला. "बाई, ती बांगडी सोन्याची नाही. वाळूत पडली तेव्हाही नव्हती. मुलामा असा एका आठवड्यात उडत नाही, तो आधीपासूनच झिजलेला असतो. आता पुढचं तुम्ही सांगता की मी अंदाजाने सांगू?"

मुलगा उठला. "काय बोलताय? आई?"

सासूबाई खिडकीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा विकली. तशीच दुसरी करून घेतली. घरात सोनं नाही हे लोकांना कशाला कळायला हवं?"

"मग एवढे दिवस हिला मी..." मुलाने वाक्य पुरं केलं नाही. "आई, तू एक शब्द बोलली असतीस तर!"

"बोलणारच होते. रोज बोलणार होते. आज नको, उद्या, असं करत राहिले. एकदा सोन्याची म्हटलं, मग कुठून परत यायचं?"

मग माणसाला जे सोपं असतं ते त्या बाईंनी केलं. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पहिल्याच दिवशी काढून दिली असतीत, तर यातलं काहीच झालं नसतं."

आणि माझा भाऊ म्हणाला, "खरंय."

माझं टाळकं फिरलं. "अहो, काय खरंय? खोटं तुम्ही सांगितलंत आणि गुन्हेगार हा?"

"ताई, राहू दे." त्याने माझा दंड धरला. "आम्ही निघतो."

खाली शिवणाच्या खोलीचं दार घाईघाईने लागलं. बाईला आठवडाभर पुरेल एवढं मिळालं होतं. आम्ही रस्त्यावर आलो तोच मागून चपलांचा आवाज आला. सून होती. हातात बांगडी नव्हती. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल, आभार मानेल. आणि हा नेहमीसारखा पळ काढेल. पण तो हलला नाही. ती जरा लांबच थांबली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही 'इथे नाही' म्हणालात ना, सगळ्यांसमोर, तेव्हा घरचे म्हणतात म्हणून नाही, पण माझं मलाच वाटायला लागलं होतं. रात्री उठून मी माझं कपाट तपासायचे. पिशव्या उलट्या करायचे. वाटायचं, मीच कुठे दिली का कुणाला, आणि विसरले का?"

एवढं बोलून ती वर गेली. बॅग आत नेली की खाली आणली, ते मला अजून माहीत नाही. शिवणकामवालीला विचारलं तर सांगेल, पण भावाने मला शपथ घातलीय, विचारायचं नाही. त्या दिवसापासून तो वाळूवर माणसांची गर्दी असली तरी दर झाकण खणून काढतो. लोक हसतात. हसू देतो.