शेरडांनी न खाल्लेलं पत्रक

ती सकाळ अजून माझा पिच्छा सोडत नाही. तासगावकडच्या एका नगरपालिकेच्या गावात मी तेव्हा सहायक फौजदार होतो. माझं मूळ गाव माण भागात, लांब. दहावीला शाळा सुटली, भरतीत उतरलो आणि उभी नोकरी परक्या गावांत गेली. साहेबांनी हाक मारली की आपलं काहीतरी चुकलंय, असं मला शेवटपर्यंत वाटायचं. त्या दिवशी तर चुकायला भरपूर जागा होती.

निवडणुकीचे दिवस. अर्ज माघारी घ्यायची मुदत त्याच दुपारी तीनला संपत होती. सकाळी दहाला धनगर वस्तीवरची माणसं ठाण्यात आली. हातात भिंतीवरून खरवडलेलं पत्रक. वर प्रभागातल्या उमेदवार बाईंचा फोटो, खाली ठळक मजकूर : निवडून आल्यास मेंढरांना गावात बंदी.

"पिढ्यान् पिढ्या आमी ह्याच रस्त्यानं खाली उतरतो," त्यांच्यातला वयस्कर माणूस म्हणाला. "बाईनं तीनच्या आत अर्ज काढायचा. न्हाईतर समदी मेंढरं तिच्या दारात बसवनार. मग काय हुईल ते हुईल."

त्या बाई पिठाची गिरणी चालवायच्या. कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या, पदराला पीठ तसंच.

"मी हे लिवलंच न्हाई, सायब. माझ्या पत्रकात बाजारात बायकांसाठी मुतारी हाय, दिवसा पाणी हाय, ओढ्यातली अतिक्रमणं हायत. मेंढरांना तर उतरायला जागा मागितलीया मी. बंदी कुठनं आली?" मग आवाज खाली आला. "जाऊ द्या. काढते अर्ज. घरात दोन लेकी हायत माझ्या."

पत्रकावर छापणाऱ्याचं नाव नव्हतं. गुन्हा उघड होता, पण करणारा कोण? निरीक्षक साहेब मला म्हणाले, "तीनच्या आत माणूस आणा. बाईंनी भीतीनं माघार घेतली तर ती आपली नामुष्की."

मी प्रभागात फिरलो. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे कुणी सांगणार नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ एक म्हातारी शेरडं राखत होती. मला बघून हसली.

"काय हुडकताय, फौजदार?"

"आवं आजी, हे पत्रक कुणी लावलं?"

"ते मला काय ठावं? पर एक सांगते. शेरडं काय कुठल्या पार्टीची नसत्यात, समद्यांची पत्रकं खात्यात. हे एवढंच न्हाई खाल्लं. तोंड लावलं आन् शिंकत माघारी फिरली."

मी भिंत बघितली. बाकीची पत्रकं शेरडाचं तोंड पोचेल तिथपर्यंत कुरतडलेली. हे एकच शाबूत. पाणी लावून सोलून काढलं तर मागं वाळलेल्या खळीत हिरवट निळे कण. मोरचूद. द्राक्षाच्या बागेत फवारतात ते.

साहेबांनी लगेच विरोधी उमेदवाराच्या बाजूच्या एका बागायतदाराला बोलावून घेतलं. तासभर चौकशी चालली. तो माणूस तापलाच.

"मोरचूद हाय की माझ्याकडं! अर्ध्या तालुक्याकडं हाय. फवारायला पुरंना, आन् मी खळीत घालीन व्हय? पत्रक चार दिवसांचं, त्याला वाळवी लागू नये म्हणून जपतंय कोन?"

एक वाजत आला होता. जप्त केलेल्या पत्रकांचं पाकीट करून लेबल चिकटवायला मी ठाण्यातला खळीचा डबा ओढला. बोटाला निळसर खळ लागली.

आमच्या ठाण्यात खळीत मोरचूद घालायची रीत होती. रजिस्टरांना कसर लागू नये म्हणून. ती पाडली होती ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या रायटर हवालदारांनी, तात्यांनी. मी नवीन असताना मला पंचनामा लिहिता येत नव्हता, तेव्हा ह्याच माणसानं शेजारी बसवून शिकवलं. सणाला घरी जाता यायचं नाही, तेव्हा त्यांच्याच घरी जेवलो. निवृत्तीनंतर त्यांनी ओढ्याच्या काठावर दोन खोल्या बांधल्या होत्या.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार नव्हतं. दोन तासांचा तर प्रश्न होता. बाई माघार घेणार, वस्ती शांत होणार. चालत त्यांच्या दाराशी जाईपर्यंत मी हाच हिशेब करत होतो.

त्यांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं.

"खळ वळखलीस व्हय रं?"

"व्हय, तात्या."

"सांगलीला जाऊन झेरॉक्स काढल्या. पहाटं फिरायच्या निमित्तानं लावल्या." ते खाली बसले. "तिनं ओढ्यातली अतिक्रमणं काढनार म्हणून लिवलंय. ह्या भिंतीवरच चिकटवून गेली तिची प्रचाराची पोरं. रोज दार उघडलं की तेच वाचतोय. ह्या वयात मी कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "तात्या, चला. तीनच्या आत."

ते पायताण घालून निघाले.

तहसील कचेरीत बाई माघारीचा अर्ज हातात घेऊन रांगेत उभ्या होत्या. वस्तीची माणसं पायऱ्यांवर. तात्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ते पत्रक माझं. ह्या बाईचं न्हाई." गलका झाला. एक पोरगा अंगावर धावला, त्याला त्या वयस्कर माणसानंच दंडाला धरून मागं ओढला.

बाईंनी पिशवीतून आपलं पत्रक काढलं आणि उलटं करून तात्यांपुढं धरलं.

"काका, मागच्या बाजूला बघा. जागा दिल्याशिवाय ओढ्यातलं एकबी घर पाडायचं न्हाई, हे पयलं लिवलंय."

तात्या कितीतरी वेळ वाचत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेला माणूस. भिंतीला चिकटलेल्या कागदाची मागची बाजू त्यांना दिसलीच नव्हती.

बाईंनी हातातला अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि गिरणी उघडायला गेल्या. पुढं त्या थोडक्यात पडल्या. पण लढल्या.

ह्या प्रकरणानं मला एक शिकवलं. चौकशीत आम्ही विचारतो, फायदा कुणाचा? त्याआधी विचारावं, भीती कुणाला? फायद्यासाठी वाकडं पाऊल टाकणारा लपायची तयारी करून असतो. घाबरलेला माणूस आपल्या रोजच्या सवयीनं काम करतो आणि सापडतो. माझ्यासारख्या भित्र्यालाच हे आधी सुचायला हवं होतं.

खटला उभा राहिला तोवर मीही निवृत्त झालो होतो. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी माझा जबाब पुन्हा पुन्हा वाचत होतो. आरोपी म्हणून आलेले तात्या शेजारी येऊन बसले.

"घाबरू नगंस. विचारतील तेवढंच सांग. लांबण लावायचं न्हाई."

पुकारा झाला. मी आत गेलो आणि त्यांनी सांगितलं तशीच, त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.